व्हर्जन नंबर उड्या का मारतात, आणि आपला नंबर कसा सांभाळावा

प्रश्न असा: विंडोज ८.१ नंतर एकदम १० आलं, पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा ५ नंतर ७ झाली, ॲपलची आयओएस १८ वरून थेट २६ वर गेली. या नंबरांमागे काही नियम असतो का? आणि स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरला नंबर द्यायचा तर कुठली पद्धत धरावी?

नियम असतो, पण तो एकाच वेळी दोघांसाठी असतो आणि तिथेच बिनसतं. व्हर्जन नंबर माणूस वाचतो आणि प्रोग्रॅमही वाचतो. हे नवं आहे का, माझ्या कामाचं आहे का, एवढं कळलं की माणसाचं भागतं. प्रोग्रॅमला मात्र हा आकडा त्या आकड्यापेक्षा मोठा आहे का, याचं चोख उत्तर लागतं. विचित्र वाटणारे बहुतेक नंबर उकलून पाहिले, तर माणसासाठी काहीतरी बदललेलं असतं आणि प्रोग्रॅम त्यात अडखळलेला असतो.

विंडोजमध्ये हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तिथे खोक्यावरचं नाव वेगळं आणि आतला नंबर वेगळा. विंडोज २००० आतून ५.० आहे, एक्सपी ५.१, व्हिस्टा ६.०, विंडोज ७ हे ६.१, विंडोज ८ हे ६.२, आणि ८.१ हे ६.३. म्हणजे विंडोज ७ चा आतला नंबर ७ नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. 'किमान एक्सपी हवं' हे तपासताना असंख्य प्रोग्रॅममध्ये अशी अट होती: मेजर (टिंबाआधीचा) नंबर किमान ५ आणि मायनर (टिंबानंतरचा) नंबर किमान १. एक्सपीवर ती बरोबर चालली. मग व्हिस्टा आलं, मेजर ६ आणि मायनर ०. शून्य एकापेक्षा लहान, त्यामुळे प्रोग्रॅम नव्या कोऱ्या विंडोजला 'तुमचं विंडोज जुनं आहे' म्हणून परत पाठवू लागले. खरी अट अशी हवी होती: मेजर ५ पेक्षा मोठा असेल तर लगेच पास, मेजर ५ च असेल तरच मायनरकडे बघायचं. विंडोज ७ ला ६.१ ठेवल्यावर ती चुकीची अटसुद्धा पार पडली.

हीच चूक व्हिस्टाच्या दहा-बारा वर्षं आधीही झाली होती. विंडोज ३.१ मध्ये मायनर भाग १० असा साठवलेला असे, आणि प्रोग्रॅम 'मेजर किमान ३, मायनर किमान १०' असं तपासत. विंडोज ९५ खरं तर ४.० होतं, म्हणजे मायनर शून्य. म्हणून ते जुन्या १६ बिट प्रोग्रॅमना आपला नंबर ३.९५ असा सांगत असे.

विंडोज ८.१ पासून मायक्रोसॉफ्टने आणखी कडक पाऊल उचललं. ज्या प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'मला ८.१ किंवा १० माहीत आहे' असं जाहीर केलेलं नाही, त्याला गेटव्हर्जनएक्स हे विंडोजचा नंबर सांगणारं फंक्शन ६.२ असंच उत्तर देतं. तुमचा प्रोग्रॅम विंडोज १० वर ६.२ दाखवत असेल तर दोष मोजण्यात नाही, मॅनिफेस्ट अपुरं आहे. विंडोज १० आतूनही १०.० आहे, पण विंडोज ११ सुद्धा आतून १०.० च आहे. फरक फक्त बिल्ड नंबरात, म्हणजे बांधलेल्या प्रतीच्या क्रमांकात आहे: २२००० किंवा त्यापुढचा असेल तर ११. इथेही एक खड्डा आहे. विंडोज सर्व्हर २०२५ चा बिल्ड २६१०० आहे, म्हणजे नुसता बिल्ड तपासला तर सर्व्हरही 'विंडोज ११' म्हणून मोजला जातो. प्रॉडक्ट टाइप (सर्व्हर की साधं विंडोज) वेगळा तपासावाच लागतो. ब्राउझर वेबसाइटला आपली ओळख सांगतो त्या यूजर एजंटमध्ये तर १० आणि ११ दोघांसाठीही 'विंडोज एनटी १०.०' एवढंच येतं. त्यावरून काढलेली आकडेवारी हा भेद दाखवूच शकत नाही.

विंडोज ९ का नाही, याचं सर्वत्र फिरणारं स्पष्टीकरण असं: जुन्या कोडमध्ये ९५ आणि ९८ एका फटक्यात ओळखण्यासाठी नावाची सुरुवात 'विंडोज ९' अशी आहे का, एवढंच तपासलेलं असे. मायक्रोसॉफ्टने हे अधिकृत कारण म्हणून दिलेलं नाही. पण असा कोड खरोखर आहे, विशेषतः जुन्या जावा प्रोग्रॅममध्ये, आणि ९ हे नाव आलं असतं तर तो नक्की फसला असता.

जुन्या प्रोग्रॅमना सांभाळण्यासाठी नंबर खोटा सांगावा लागतो, हे फक्त विंडोजचं दुखणं नाही. मॅकची सिस्टीम २००१ पासून १० वर अडकली होती. १०.१५ नंतर २०२० मध्ये बिग सर ११ म्हणून आली, तेव्हा जुन्या एसडीकेने (प्रोग्रॅम बांधायच्या साधनसंचाने) बांधलेल्या प्रोग्रॅमना ती आपला नंबर १०.१६ सांगत असे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, २.६.३९ वरून २०११ मध्ये ३.० झाला. २.६ गृहीत धरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सेटआर्क या कमांडमध्ये एक पर्याय दिला गेला, ज्याने ३.० हा २.६.४० म्हणून दिसतो. ऑपेरा १० हा ब्राउझर २००९ मध्ये आला तेव्हा दोन अंकी नंबराचा तो पहिला मोठा ब्राउझर होता. कितीतरी वेबसाइट फक्त पहिला अंक वाचत आणि १० ला १ समजत. ऑपेराने यूजर एजंटच्या सुरुवातीला कायमचं ९.८० लिहिलं आणि खरा नंबर शेवटी टाकला. क्रोम आणि फायरफॉक्स २०२२ मध्ये १०० ला पोचले तेव्हा तीन अंकांचं तेच संकट येऊ शकतं हे ओळखून दोघांनी आधीच चाचण्या घेतल्या होत्या. मारियाडीबी या डेटाबेसला जोडताना ५.५.५-१०.६ असा नंबर दिसला तर गोंधळू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या रेप्लिकेशनमध्ये (एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर ठेवताना) नंबराचा पहिला अंकच वाचला जायचा, १० चा १ होऊ नये म्हणून सुरुवातीला ५.५.५ चिकटवलेलं आहे. खरा नंबर डॅशनंतरचा.

यातून एक सवय लावून घ्यावी. व्हर्जन विचारण्याऐवजी शक्यतो क्षमता विचारावी. अमुक फंक्शन आहे का, अमुक फाइल आहे का, ब्राउझरला अमुक गोष्ट येते का, हे थेट तपासता येत असेल तर नंबर बघूच नये.

नंबर बघावाच लागला, तर एक पक्कं धरावं: व्हर्जनमधलं टिंब हे दशांश चिन्ह नाही. ३.१० हे ३.९ नंतर येतं, ३.१ च्या जागी नाही. पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि नंबराची पहिली तीन अक्षरं कापून घेणाऱ्या स्क्रिप्टना ते ३.१ वाटलं. यॅमल या सेटिंग लिहायच्या फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की ती संख्या मानली जाते, शेवटचं शून्य गळून पडतं, आणि प्रोग्रॅम बांधणारा बिल्ड सर्व्हर कित्येक वर्षांपूर्वीचं पायथन ३.१ शोधू लागतो. उपाय एवढाच की व्हर्जन नेहमी अवतरणात लिहावं. स्प्रेडशीटमध्ये व्हर्जनची यादी चिकटवण्याआधीही तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करावा, नाहीतर १.१० चं १.१ होतं आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. डेटाबेसमध्ये व्हर्जन दशांश प्रकारच्या रकान्यात ठेवू नये. मजकूर म्हणून ठेवलं तरी मजकुराच्या क्रमाने लावू नये, कारण तिथे १० हे ९ च्या आधी येतं.

तुलना करायची पद्धत सोपी आहे. टिंबांवर तुकडे करा, प्रत्येक तुकडा पूर्णांक करा, कमी पडणारे तुकडे शून्य धरा, आणि डावीकडून एकेक तुकडा ताडून पहा. जिथे फरक सापडेल तिथेच थांबा. पण हे स्वतः लिहिण्यापेक्षा त्या त्या परिसंस्थेतलं साधन वापरणं शहाणपणाचं. पायथनमध्ये पॅकेजिंग ही लायब्ररी आहे, डेबियन या लिनक्समध्ये डीपीकेजी या कमांडचा व्हर्जन तुलनेचा पर्याय आहे. कारण प्री-रिलीजपाशी (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्त्यांपाशी) प्रत्येकाचे नियम वेगळे होतात. सेमँटिक व्हर्जनिंग या पद्धतीत १.०.०-आरसी.१ (आरसी म्हणजे अंतिम होऊ घातलेली आवृत्ती) हे १.०.० च्या आधीचं. डेबियनमध्ये डॅशनंतरचा भाग पॅकेजची फेरी मानला जातो, म्हणून तिथे १.०-आरसी१ हे १.० च्या नंतरचं ठरतं! अशा वेळी डॅशऐवजी ~ हे चिन्ह वापरायचं असतं: १.०~आरसी१ हे १.० च्या आधी लागतं. हे न पाळल्यास ज्यांनी आरसी बसवलं आहे त्यांना अंतिम आवृत्ती 'जुनी' दिसते आणि अपडेट कधीच पोचत नाही.

आता नंबर मावण्याची गोष्ट. याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि फटका मात्र सगळ्यांत मोठा बसतो. प्रत्येक ठिकाणी व्हर्जनच्या तुकड्याला ठराविक जागा असते. विंडोजच्या एक्झी फाइलमध्ये चार तुकडे असतात, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे कमाल ६५५३५. विंडोज इन्स्टॉलरच्या एमएसआय पॅकेजमध्ये पहिल्या दोन तुकड्यांची मर्यादा २५५ आणि तिसऱ्याची ६५५३५ आहे. चौथा तुकडा तो तुलनेत धरतच नाही. त्यामुळे वर्षाला पहिला तुकडा करून २०२५.१ असा नंबर ठरवला तर तो एमएसआयमध्ये बसत नाही, २५.१ असा लिहावा लागतो. आणि फक्त चौथा तुकडा वाढवून नवी आवृत्ती काढली, तर इन्स्टॉलरच्या दृष्टीने ती जुनीच असते आणि अपग्रेड होत नाही.

तारखेतून बिल्ड नंबर बनवणाऱ्यांनी तर गणित आधी करावं. वर्षाचा शेवटचा अंक, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस, अशा पद्धतीत ३१ डिसेंबर २००६ हे ६१२३१ होतं आणि मावतं. दुसऱ्याच दिवशी ७०१०१ होतं आणि ६५५३५ ची सीमा ओलांडतं. असंच मोठ्या प्रमाणावर १ जानेवारी २०२२ ला घडलं. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या मालवेअर तपासणी इंजिनाचा अपडेट नंबर २२०१०१०००१ असा झाला. ३२ बिट चिन्हांकित पूर्णांकात २१४७४८३६४७ पर्यंतच मावतं, त्यामुळे तो वाचता येईना, इंजिन बंद पडलं आणि सर्व्हरवर ईमेल रांगेत तुंबल्या. अँड्रॉइड ॲपला हाच धोका आहे. गूगल प्लेवर व्हर्जनकोडची (ॲपच्या आतल्या पूर्णांक नंबराची) कमाल मर्यादा २१००००००००. वर्ष, महिना, दिवस आणि फेरी प्रत्येकी दोन अंकी, असे आठ अंक वापरले तर चालतं, फेरीला चार अंक दिले की २०२१ पासूनचा प्रत्येक नंबर मर्यादेबाहेर. शिवाय प्लेवर एकदा वर गेलेल्या कोडपेक्षा लहान कोडची आवृत्ती त्याच लोकांना अपडेट म्हणून देता येत नाही. चुकून एक शून्य जास्त टाकलं तर पुढचे सगळे नंबर त्याच्यावरून मोजावे लागतात.

लिनक्स कर्नलमध्ये तिसऱ्या तुकड्याला ८ बिट होते. ४.४ आणि ४.९ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखा फेब्रुवारी २०२१ मध्ये २५६ व्या फेरीला पोचल्या आणि कर्नलबाहेरचे मॉड्यूल (जोडभाग) बांधताना वापरला जाणारा हिशेब पुढच्या तुकड्यात सांडण्याची वेळ आली. ४.४.२५६ हे ४.५.० सारखं दिसलं असतं. मग तो भाग २५५ वर रोखून धरला गेला.

उड्यांची कारणं मोजकीच आहेत. काही नंबर अर्धवट सुटलेल्या कामाने खाल्ले. पीएचपी ६ मध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मुळापासून आणायचं होतं, ते काम २०१० मध्ये सोडून दिलं, पण तोवर त्या नावाची चर्चा एवढी झाली होती की २०१५ ची आवृत्ती ७ म्हणून आली. जावास्क्रिप्टचं मानक असलेल्या ईसीएमएस्क्रिप्ट ४ चंही तेच, ३ नंतर ५. काही नंबर आधीच कोणी अडवले होते: ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी १.१.१ वरून ३.० वर गेली कारण २.० हा नंबर तिच्या फिप्स मॉड्यूलने (अमेरिकी सरकारी सुरक्षा मानकासाठीच्या भागाने) वापरला होता. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर ३.१ नंतर डॉटनेट ५ आलं, कारण ४ म्हटलं की डॉटनेट फ्रेमवर्क ४ आठवायचं. अँग्युलर या वेब साधनसंचात २ नंतर ४ आलं, कारण त्याचा राउटर (पानं बदलणारा भाग) आधीच ३ वर होता आणि सगळ्या पॅकेजना एका रांगेत आणायचं होतं. काही जण शेजाऱ्यांशी बरोबरी करायला पुढे सरकले: विंडोजसाठीचं वर्ड २.० वरून थेट ६.० झालं, स्लॅकवेअर हे लिनक्स ४ वरून ७ वर गेलं, सॅमसंगचा नोट ५ नंतर एस७ शी जुळावा म्हणून नोट ७. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) ०.१२ वरून ४ वर गेलं, कारण त्यातून फुटलेलं आयओ.जेएस ३ पर्यंत पोचून पुन्हा त्यात विलीन झालं होतं. डेबियन १.० कधीच निघालं नाही, कारण एका सीडी विक्रेत्याने अर्धवट आवृत्तीच त्या नावाने विकली. गोंधळ टाळायला पहिली तशी आवृत्ती १.१ झाली. ॲपलची २६ ची उडी २०२५ ची: सगळ्या सिस्टीम एका वर्षाच्या नंबराखाली आल्या, येणाऱ्या वर्षाच्या.

आणि एक मोठा गट निरुपयोगी झालेला सुरुवातीचा आकडा गाळणाऱ्यांचा. रिॲक्ट ही लायब्ररी ०.१४ नंतर १५ झाली, सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टीम २.६ नंतर ७. जावा आतून १.८ पर्यंत गेलं, बाहेर लोक त्याला जावा ८ म्हणत, आणि ९ पासून १ गळलं. त्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट मोडल्या, कारण त्या पहिल्या टिंबानंतरचा आकडा उचलत होत्या. १.८.०_२०२ मधून ८ मिळायचे, ११.०.२ मधून शून्य, आणि नुसत्या ९ मध्ये तर टिंबच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचा बदल मात्र सगळ्यांना हिताचा ठरला. आधी ९.५ वरून ९.६ ही मोठी उडी होती, त्यासाठी पीजी-अपग्रेड किंवा डंप-रिस्टोअर (सगळा डेटा नव्या आवृत्तीत हलवणं) लागायचं, पण नंबर बघून ती किरकोळ वाटायची. २०१७ च्या १० पासून पहिला आकडा मोठा बदल सांगतो आणि दुसरा फक्त दुरुस्त्या. तिथे तुलना करायला मजकुरी नंबर वापरू नका, सर्व्हर-व्हर्जन-नम हा पूर्णांक वापरा: ९.६.३ साठी ९०६०३, १०.१ साठी १००००१.

मजकुराची मांडणी करणाऱ्या टेक या प्रोग्रॅमचा नंबर या सगळ्यांहून वेगळा आहे आणि फार सुंदर आहे. त्याचे कर्ते डोनाल्ड कनुथ प्रत्येक दुरुस्तीला पायचा एक अंक वाढवतात. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. काम पूर्णत्वाकडे जात आहे आणि बदल लहान लहान होत आहेत, हे त्यातून दिसतं. पण असा नंबर फक्त त्यालाच शोभतो ज्याला नवं काही जोडायचं नाही.

वस्तू विकत घेणाऱ्याचं खरं नुकसान होतं ते यूएसबीच्या नंबरांनी. २००८ चं यूएसबी ३.० म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट. २०१३ मध्ये त्यालाच ३.१ जेन १ म्हणू लागले, २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, वस्तू तीच, नावं मात्र तीन. १० गिगाबिटवालं आधी ३.१ जेन २ आणि मग ३.२ जेन २, आणि २० गिगाबिटवालं ३.२ जेन २×२. म्हणजे पुठ्ठ्यावर नुसतं 'यूएसबी ३.२' लिहिलं असेल तर तो ५ चा असेल की २० चा, हे कळायला मार्ग नाही. पुढे यूएसबी४ आणि मग 'यूएसबी४ व्हर्जन २.०' आलं, जे ८० गिगाबिटपर्यंत जातं. म्हणून नंबर सोडून द्या आणि गिगाबिटचा आकडा शोधा. यूएसबीच्या संघटनेनेच २०२२ पासून लेबलवर थेट वेग लिहायला सांगितलं आहे. केबलवर वेगासोबत वॅटही बघा, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. उलट वाय-फायने २०१८ मध्ये ८०२.११एन, एसी, एएक्स यांना ४, ५, ६ अशी साधी नावं दिली आणि तांत्रिक नाव तज्ज्ञांसाठी जागेवर ठेवलं. माझ्या मते हाच आदर्श.

आपल्या सॉफ्टवेअरसाठीही तेच करावं. दोन नंबर ठेवावेत. एक यंत्रासाठी: नुसता वाढणारा पूर्णांक, कधी मागे न जाणारा, लोकांना न दाखवलेला. दुसरा लोकांसाठी, हवा तसा. अँड्रॉइडमध्ये व्हर्जनकोड आणि व्हर्जननेम ही विभागणी आयतीच आहे. अपडेटचा निर्णय फक्त पहिल्यावर घ्यावा, म्हणजे दुसऱ्याचं काहीही झालं तरी कोणाचं अपडेट अडत नाही.

लोकांसाठीचा नंबर कोणता, हे तुमचं सॉफ्टवेअर कोण वापरतं यावर ठरतं. दुसरे प्रोग्रॅमर वापरणार असतील, म्हणजे लायब्ररी असेल, तर सेमँटिक व्हर्जनिंगच घ्या: जुनं मोडलं तर पहिला आकडा, नवं जोडलं तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. पॅकेज मॅनेजर (लायब्ररी आपोआप बसवणारे प्रोग्रॅम) या वचनावर विसंबून असतात. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरमध्ये ^१.२.३ लिहिलं की २.०.० च्या खालचं काहीही आपोआप येऊ शकतं. पण ^०.२.३ लिहिलं तर ०.३.० च्या खालचंच येतं, आणि ^०.०.३ म्हणजे फक्त ०.०.३. शून्याने सुरू होणाऱ्या लायब्ररीचे अपडेट वापरणाऱ्यांपर्यंत पोचत नाहीत, ते बहुतेक वेळा यामुळे. लोक खऱ्या कामात ती वापरू लागले की १.० करून टाका.

ठराविक काळाने निघणाऱ्या, थेट माणसांनी वापरायच्या गोष्टीला तारीख चांगली. उबंटू या लिनक्सचं २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, किती जुनं आहे ते नावातच कळतं. अट एकच, नाव शेवटी ठरवा. २००६ च्या एप्रिलमध्ये यायचं उबंटू ६.०४ दोन महिने लांबलं आणि ६.०६ झालं. आणि फक्त तुमच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेला बिल्ड नंबर आणि कमिटचा हॅश (कोडमधल्या बदलाची खूण) एवढं पुरे.

प्रसिद्ध केलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही, एका तासात चूक सापडली तरी. कोणाच्या तरी कॅशेमध्ये जुनी फाइल त्याच नंबराने बसलेली असते, चेकसम (फाइल तीच आहे का हे ताडायचा आकडा) जुळत नाही, आणि एकाच नंबराच्या दोन वस्तू जगात फिरतात. सरळ पुढचा नंबर काढा. पद्धतच बदलायची झाली, तर नवा नंबर जुन्यापेक्षा मोठा राहील अशीच बदला: २०२५.१ वरून ३.० वर यायचं असेल तर प्रत्येक तुलनेत ३.० हरणार. डेबियनमध्ये यासाठी नंबराच्या सुरुवातीला १: असा एपॉक (सगळ्यांत आधी ताडला जाणारा आकडा) लावता येतो, पायथनच्या पॅकेजमध्ये १! असा. पण एकदा लावलेला एपॉक त्या पॅकेजला जन्मभर चिकटतो, त्यामुळे दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच लावावा.

नवी पद्धत सुरू करण्याआधी एक चाचणी लिहून ठेवा. आजवर निघालेले सगळे नंबर काढलेल्या क्रमाने एका फाइलमध्ये घ्या, त्यांच्या शेवटी येऊ घातलेले काही घाला: नववा आणि दहावा, नव्व्याण्णवावा आणि शंभरावा, २५५ वा आणि २५६ वा, एक आरसी आणि त्याचं अंतिम. मग जिथे जिथे तो नंबर वाचला जातो, म्हणजे इन्स्टॉलर, अपडेट तपासणारा कोड, डेटाबेस, बिल्डच्या स्क्रिप्ट, तिथल्या तिथल्या साधनाने ती फाइल लावून बघा. एकाही ठिकाणी क्रम बदलला तर पद्धत अजून तयार नाही.